रिव्हॉल्व्हर, खिशातील

रिव्हॉल्व्हर, खिशातील : लहान सांगाड्याचे, आखूड नळीचे व कपड्याआड बाळगता येईल असे, एका हाताने चालविण्याचे अग्निशस्त्र. त्याच्या नळीमागे सिलिंडर नावाचा फिरता दंडगोल असून त्यात काडतुसांसाठी पाच ते आठ कोठ्या असतात. चाप ओढला म्हणजे दंडगोल एका कोठीइतका फिरतो, त्याच ओढीने घोडा मागे जाऊन सुटतो व नळीसमोर आलेले काडतूस उडते. स्वयंभरण पिस्तुलात काडतुसे मुठीतील पेटीत असतात आणि प्रत्येक बारानंतर पुढचे काडतूस आपोआप नळीत येते. बोलीभाषेत दोन्ही शस्त्रांना सरसकट पिस्तूल म्हणतात. जुन्या खटल्यांची वृत्ते वाचताना या सैलपणामुळे बराच घोटाळा होतो. रिव्हॉल्व्हरचा मुख्य गुण असा की, एखादे काडतूस न उडाल्यास चाप पुन्हा ओढताच दुसरी कोठी पुढे येते. वर्षानुवर्षे खणात पडून राहणाऱ्या व क्वचितच हाताळल्या जाणाऱ्या शस्त्रात हा गुण मोलाचा ठरतो.

अशा शस्त्राची जाडी दंडगोलावर अवलंबून असते आणि दंडगोलाचा व्यास काडतुसांचा आकार व संख्या यांवर. त्यामुळे शस्त्र बारीक करावयाचे, तर एक तर काडतुसे कमी करावी लागतात किंवा त्यांचे माप उतरवावे लागते. या दोन मार्गांनी दोन वेगळ्या परंपरा निर्माण झाल्या. अमेरिकेत मोठे काडतूस ठेवून सहाऐवजी पाच कोठ्या करण्याकडे कल राहिला. भारतात सहा कोठ्या कायम राहून काडतूस लहान झाले. मात्र हा निर्णय कारागिराने किंवा ग्राहकाने घेतला नसून कायद्याने घेतला, हे येथील इतिहासाचे वैशिष्ट्य होय.

सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळविले, परंतु त्याच्या शस्त्रात दारू व गोळी वेगवेगळी भरावी लागे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये .२२ मापाचे, धातूच्या काडतुसाचे, सात बारांचे रिव्हॉल्व्हर काढले. खिशातील रिव्हॉल्व्हरची खरी सुरुवात येथून धरावी. ते हाताळण्यास सोयीचे, पण जोराने फारच दुबळे होते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये ‘बुलडॉग’ या नावाने याच्या उलट प्रकारचे शस्त्र बाजारात आणले. आखूड नळी, पाच कोठ्या आणि जाड गोळी असे त्याचे रूप होते व त्याच्या नकला यूरोप-अमेरिकेत सर्वत्र झाल्या. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर १८८१ मध्ये झाडलेली गोळी बुलडॉग जातीच्याच रिव्हॉल्व्हरची होती. पुढे स्मिथ अँड वेसनने १८८७ च्या सुमारास घोडा सांगाड्याच्या आत झाकलेली शस्त्रे काढली. खिशातून काढताना घोडा अस्तरात अडकू नये, हा त्यामागील हेतू होता. याच कंपनीच्या १८९६ मधील लहान रिव्हॉल्व्हरबरोबर .३२ मापाचे लांब काडतूस प्रचारात आले. अमेरिकेत ते पुढे मागे पडले. भारतात मात्र त्याला अनपेक्षित दीर्घायुष्य लाभले. अमेरिकेत कोल्टचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ (१९२७) आणि स्मिथ अँड वेसनचे पाच बारांचे ‘चीफ्स स्पेशल’ (१९५०) यांनी .३८ हेच खिशातील रिव्हॉल्व्हरचे प्रमाण माप ठरविले.

हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्यास बंदी केली, परंतु यूरोपीयांना त्यातून सूट होती. जिल्ह्याचा गोरा अधिकारी खिशात रिव्हॉल्व्हर घालून हिंडे, तर त्याच गावच्या प्रतिष्ठित वकिलाला त्यासाठी अर्ज करावा लागे. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या अधिनियमाविरुद्ध ठराव केला तो या अपमानामुळे. गोऱ्यांना असलेली ही वांशिक सूट पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमांनी काढून घेण्यात आली.

महाराष्ट्रातील क्रांतिकारकांच्या इतिहासात लपवून नेलेल्या लहान शस्त्राला विशेष स्थान आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांवर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मरण पावला. रँड मात्र ३ जुलैपर्यंत जिवंत होता. नाशिक येथे २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. त्या वेळी वापरलेले शस्त्र रिव्हॉल्व्हर नव्हते, तर ब्राउनिंग बनावटीचे स्वयंभरण पिस्तूल होते. वि. दा. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून अशी वीस पिस्तुले पाठविली होती. सपाट बांध्यामुळे ही पिस्तुले रिव्हॉल्व्हरपेक्षा लपविण्यास सोपी पडत. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी राज्यपाल हॉटसन यांच्यावर रिव्हॉल्व्हर झाडले. अंतर काही हातांचेच असूनही हॉटसन वाचले. गोळी त्यांच्या खिशातील पाकिटाच्या धातूच्या गुंडीवर आदळली, असे त्या वेळच्या वृत्तांत म्हटले आहे.

स्वातंत्र्यानंतर शस्त्र अधिनियम, १९५९ संमत झाला व १ ऑक्टोबर १९६२ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्याखालील १९६२ च्या नियमांनी शस्त्रांची वर्गवारी केली. सैन्याची .३८० व .४५५ मापांची कडेची काडतुसे किंवा ९ मिमी. व .४५ ची बिनकडेची काडतुसे ज्यांत भरता येतात, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे निषिद्ध मापाची ठरून सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेर गेली. सरकारी कोठारातून चोरलेली काडतुसे खाजगी शस्त्रांत वापरली जाऊ नयेत, हा या भेदाचा हेतू उघड आहे. गोळीची मारकशक्ती ही त्याची कसोटी नव्हती. म्हणूनच .३५७ मॅग्नमसारखे कितीतरी जोरदार विदेशी काडतूस नियमाच्या शब्दांत सापडत नाही. व्यवहारात मात्र नागरिकाला .३२ व .२२ हीच दोन मापे उरली. एकाच चौकीतील फौजदाराच्या कमरेला .३८ व त्याच रस्त्यावरील सराफाच्या कपाटात .३२, ही विभागणी अशी निर्माण झाली.

१९८० च्या दशकात व्यक्तींना शस्त्रे आयात करण्यास मनाई झाली आणि देशातील जुन्या वेब्ली, कोल्ट व स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हरांच्या किंमती अवाच्या सवा वाढल्या. ही उणीव भरून काढण्यासाठी आयुध निर्माणी मंडळाने १९९० च्या दशकात कानपूर येथे .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर बनविण्यास घेतले. त्याची घडण वेब्लीच्या जुन्या पोलिसी नमुन्यावर आधारलेली होती. वरची कडी सोडून नळी खाली मोडली म्हणजे सहाही रिकामी टरफले एकदम बाहेर पडतात. नळी ७६ मिमी., एकूण लांबी सु. १७८ मिमी. व वजन सु. ७०० ग्रॅ. असे त्याचे प्रमाण होते. त्याला लागणारी काडतुसे पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होत. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या या कारखान्याची ‘के. एफ.’ ही अक्षरे त्यांच्या बुडावर आढळतात.

जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या फील्ड गन निर्माणीने ‘निर्भीक’ हे .३२ मापाचे, टिटॅनियमच्या मिश्रधातूचे, सु. ५०० ग्रॅ. वजनाचे रिव्हॉल्व्हर काढले. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचार प्रकरणातील तरुणीस वृत्तपत्रांनी दिलेल्या ‘निर्भया’ या नावाशी त्याचे नाव जोडलेले होते व ते स्त्रियांसाठी असल्याचा गाजावाजा झाला. त्याची किंमत सव्वा लाख रुपयांच्या आसपास होती. रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिकेला किंवा कामगार स्त्रीला ही किंमत परवडणे शक्य नव्हते, आणि परवाना मिळविणे त्याहून दुर्घट. पश्चिम बंगालमधील ईशापूर रायफल निर्माणीचे त्यानंतर आलेले ‘निडर’ हे .२२ मापाचे, आठ बारांचे व केवळ सु. २५० ग्रॅ. वजनाचे असून बरेच स्वस्त होते. आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित झाल्यावर हे कारखाने कानपूर येथे मुख्यालय असलेल्या एका सरकारी कंपनीकडे गेले. तिने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रबळ’ हे रिव्हॉल्व्हर आणले. .३२ मापाच्या या शस्त्रात नळी मोडावी लागत नाही. दंडगोल बाजूस उघडतो. अमेरिकेत ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेली होती.

या शस्त्रांची तुलना केवळ वजनावरून करणे फसवे ठरते. .३२ ची सु. ६.३ ग्रॅ. वजनाची गोळी आखूड नळीतून सेकंदास सु. २२० मी. वेगाने निघते व तिची ऊर्जा दीडशे जूलच्या आसपास भरते. .३८ स्पेशल काडतुसाची हीच ऊर्जा अडीचशे जूलच्या वर जाते, तर .२२ ची चार-पाच सेंमी. नळीतून शंभर जूलच्याही खाली उतरते. शस्त्र हलके केल्यास तीच गोळी हाताला अधिक धक्का देते. म्हणजे ‘निर्भीक’ खांद्यावरच्या पिशवीत सुखाचे, पण झाडताना जुन्या सातशे ग्रॅमच्या शस्त्रापेक्षा त्रासदायक. ‘निडर’ या बाबतीत सौम्य आहे. परंतु .२२ च्या काडतुसात स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत पसरलेले असल्याने ते न उडण्याचा संभव जास्त, आणि त्यावर उपाय म्हणून घोड्याची कमान कडक ठेवावी लागते. परिणामी चाप जड होतो. जड चाप, हलके शस्त्र व आखूड नळी या तिहींचा मेळ बसला म्हणजे नवख्याचा नेम आठ-दहा पावलांवरही चुकतो. हे शस्त्र नवशिक्यासाठी सोपे असते हा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः चांगला नेम साधण्यास ते सर्वांत अवघड आहे.

शिवाय खिशातील रिव्हॉल्व्हरची कल्पना जाड कोट वापरणाऱ्या थंड देशांत रुजली. मुंबईसारख्या दमट शहरात पातळ सुती सदऱ्याखाली .३२ चा दंडगोल लपत नाही, घामाने पोलादावर आठवड्याभरात गंज दिसू लागतो आणि सकाळी बोरीवलीहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलच्या दाटीत कमरेचे शस्त्र हे स्वतःच एक संकट होते. तरीही २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी लहान शस्त्र म्यानात किंवा तत्सम आवरणात, पूर्णपणे झाकून व बाळगणाऱ्याच्या ताब्यात राहील अशा रीतीनेच न्यावे लागते. अमेरिकेतील काही राज्यांत शस्त्र उघड नेण्यास मुभा, पण लपवून नेण्यास वेगळा परवाना, अशी पद्धत दीर्घकाळ होती. भारतात उघड मिरविणेच निषिद्ध आहे. या नियमांनी अर्जदारास शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षणही आवश्यक केले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तिनावरून दोनावर आणली व परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

बोरीवलीचा परिसर १९५७ मध्ये बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. तेथील रहिवाशाला परवान्यासाठी मुंबईच्या पोलीस आयुक्तांकडे अर्ज करावा लागतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्याकडे आहे. परवाना शस्त्राला नसून व्यक्तीला असतो, ही या व्यवस्थेची मध्यवर्ती कल्पना होय. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी बोरीवली पश्चिमेच्या आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची एका कार्यालयात गोळ्या झाडून हत्या झाली व मारेकऱ्याने नंतर आत्महत्या केली. वापरलेले पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचे असून त्याचा परवाना उत्तर प्रदेशातील होता, असे पोलिसांनी सांगितले. परक्या जिल्ह्याच्या परवान्यावर शहरात आलेल्या व मालकाच्या हाती लागू शकणाऱ्या अशा शस्त्रांचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला.

परवान्यावर शस्त्राबरोबरच काडतुसांची मर्यादाही लिहिलेली असते. त्यामुळे सरावासाठी काडतुसे खर्च करण्यास परवानाधारक सहसा धजत नाही, आणि मुंबईत सरावाच्या जागाही वरळीच्या नेमबाजी मैदानासारख्या मोजक्याच आहेत. निवडणुकीच्या काळात प्रशासनाच्या आदेशानुसार परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात व मतमोजणीनंतर ती परत मिळतात.