सुवर्णदुर्गाचे लंडनमधले नाव

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात मासळीचा लिलाव रंगात आला, की समोर समुद्रात उभ्या असलेल्या तटाकडे कोणाचे लक्ष जात नाही. तो सुवर्णदुर्ग. होडीने गेलात तर दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेले दिसेल, भिंतीत मारुती. तटाचा खालचा काही भाग तर बेटाचा कातळ तासूनच काढला आहे.

आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे. एप्रिल १७५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा कमोडोर विल्यम जेम्स याने ते घेतले. तोफा त्याच्या, पण मोहीम नानासाहेब पेशव्यांशी ठरवून झालेली! तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे. पण घरच्या भांडणात परका घेतला. पुढच्याच फेब्रुवारीत विजयदुर्गाला आंग्र्यांचे आरमार जळाले. सुवर्णदुर्ग पेशव्यांना मिळाला, समुद्र मात्र हातचा गेला.

जेम्स पैसा गाठीशी बांधून मायदेशी परतला आणि १७८३ साली वारला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या पत्नीने लंडनच्या शूटर्स हिलवर त्याच्या स्मरणार्थ तिकोनी बुरूज बांधवला. त्याचे नाव ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’. म्हणजे आपला सुवर्णदुर्गच, साहेबाच्या जिभेवर वळलेला! डागडुजीनंतर २०१४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला.

मूळ सुवर्णदुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. किनाऱ्यावरच्या कनकदुर्गावर दीपगृह आहे. लिलाव पाहून झाला, की तिथे चढून जावे. अख्खा किल्ला नजरेत येतो.