रस, सरबत आणि ज्यूस : नांदेड-लातूर परिसरातील पेयव्यापाराचा एक विचार

फळांच्या रसाचा व्यापार उद्योगधंद्यांच्या इतिहासात सामान्यतः कारखान्यांच्या अनुषंगाने अभ्यासिला जातो. नांदेड व लातूर या जिल्ह्यांच्या बाबतीत ही दृष्टी अपुरी पडते. या भागात ऊस, केळी व मोसंबी पिकतात. परंतु रसाची विक्री रुजली ती चरकावर आणि हातगाड्यांवर. याचे कारण केवळ भांडवलाच्या अभावात शोधणे युक्त होणार नाही. ते काही अंशी फळांच्या प्रकृतीत आहे, आणि त्याची नोंद लोकांच्या बोलण्यात राहिली आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘रस’ हा शब्द संस्कृतातून आला. ‘पन्हे’ हे ‘पानक’ या शब्दाचे मराठी रूप होय. ‘सरबत’ हा ‘पिणे’ या अर्थाच्या अरबी धातूपासून निघून फारसीमार्गे मराठीत स्थिरावला. ‘ज्यूस’ हा इंग्रजीतून आलेला सर्वांत अलीकडचा शब्द. तिन्ही शब्द आज एकाच बाजारात नांदतात, परंतु त्यांची अदलाबदल होत नाही. उसाचा रस असतो, लिंबाचे सरबत असते आणि मोसंबीचा ज्यूस असतो. ‘उसाचा ज्यूस’ किंवा ‘लिंबाचा रस द्या’ असे गाड्यावर कोणी म्हणत नाही. पिकातून निघेल तसाच घ्यावयाचा तो रस. पाणी व साखर यांत थोडे फळ मिसळावयाचे ते सरबत. यंत्राने काढून दुकानात पेल्यातून द्यावयाचा तो ज्यूस. अर्थात, ही तीन नावे म्हणजे तीन भिन्न व्यवहार होत.

यांपैकी उसाच्या रसाचा व्यवहार विशेष लक्षणीय आहे. ऊस पिळताच रसातील द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन रस काळवंडतो आणि काही तासांत आंबू लागतो. त्यात आले व लिंबू घालण्याची रीत केवळ चवीची नाही. लिंबाच्या आंबटपणामुळे काळवंडण्याची क्रिया मंदावते. रस टिकविण्याचा जुना उपाय म्हणजे त्याचा गूळ करणे. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. अशा मार्गाने गूळ दूरच्या पेठेत जाऊ शके. रस मात्र चरकापाशीच प्यावा लागे. लाकडी चरक जाऊन लोखंडी आला, बैलाची जागा इंजिनाने व पुढे विजेने घेतली, तरी हे बंधन सुटले नाही. जुन्या काव्यात ‘रसवंती’ म्हणजे रसाळ वाणी. तोच शब्द पुढे उसाच्या रसाच्या दुकानाला मिळाला, आणि सामान्य माणसाला तेवढाच अर्थ परिचित राहिला.

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूरचा परिसर केळीसाठी प्रसिद्ध आहे. परंतु केळे पिळून रस निघत नाही. त्यातील पेक्टिनमुळे नुसता लगदा होतो, आणि विकरांची प्रक्रिया केल्याशिवाय स्वच्छ रस वेगळा होत नाही. म्हणून ज्यूसच्या दुकानातही केळे दुधात घुसळूनच दिले जाते. मोसंबीची अडचण निराळी. तिचा रस सहज निघतो, परंतु ठेवल्यास किंवा तापविल्यास लिमोनिन या द्रव्यामुळे कडवट होतो. तात्पर्य, एका पिकाचा रस टिकत नाही, दुसऱ्याचा निघत नाही आणि तिसऱ्याचा कडू होतो. ताज्या विक्रीला पोषक आणि बाटलीला प्रतिकूल अशी ही परिस्थिती होय.

विदर्भात संत्रा उत्पादकांच्या संघाचा ‘नोगा’ हा व्यवसाय 1972 मध्ये महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाकडे आला व ते नाव घरोघरी पोहोचले. मराठवाड्यातील मोसंबीला असे नाव लाभले नाही. 1985 मध्ये ‘फ्रूटी’ कागदी डब्यातून बाजारात आली आणि डबाबंद पेय खेड्यातील दुकानांपर्यंत गेले. लोक त्यालाही ‘ज्यूस’च म्हणू लागले. कायद्याची भाषा मात्र वेगळी आहे. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार अशा फळपेयात फळाचा अंश किमान 10 टक्के, व लिंबाच्या पेयात 5 टक्के, असला तरी पुरे. जुन्या मराठी वर्गीकरणाने पाहता ते सरबतच ठरते. नावाच्या या सरमिसळीत नुकसान ताजा रस विकणाऱ्याचे होते. कारण पूर्ण फळाचा पेला आणि दशांश फळाचा डबा ग्राहकाच्या मनात एकाच शब्दाखाली येतात व त्यांची किंमत एकाच मापाने तोलली जाते.

या व्यवहाराला आणखी एक मर्यादा आहे, ती पाण्याची. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे 5 लाख लिटर पाणी आले. ऊस, बर्फ आणि पेले धुणे या सर्वांना पाणी लागते. ज्या वर्षी नळ कोरडे पडतात, त्या वर्षी चरकाचा आधारच जातो. आणि नेमकी तीच उन्हाळ्याची वेळ त्याच्या कमाईची असते.

परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्राचे शिक्षण दीर्घकाळ दिले जात आहे. रस टिकविण्याचे प्रश्न तेथील अभ्यासकांना अपरिचित नाहीत. इतिहासाच्या अभ्यासकांसमोरचे काम मात्र निराळे आहे. कारखान्याचे दप्तर उरते. रसवंतीचे दप्तर नसते. चरकाच्या भागांची नावे, मापांचे शब्द, उधारीच्या रीती आणि विक्रेत्यांच्या आठवणी हीच तिची साधने होत. दुष्काळात धंदा मोडून शहर सोडणाऱ्या माणसाबरोबर तीही निघून जातात. ती वेळेवर टिपली गेली नाहीत, तर या भागातील रसाच्या व्यापाराचा इतिहास डब्यांपासूनच सुरू झाला असे पुढील पिढीस वाटेल.