गुलदारचा शेवटचा मुक्काम

आकुर्डीला मुख्यालय असलेल्या बजाज ऑटोने २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटारसायकल आणली. तिच्यात आयएनएस विक्रांतच्या भंगारातलं पोलाद वापरलं होतं. १९७१ च्या युद्धात याच जहाजावरून उडालेल्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले होते. १९९७ मध्ये निवृत्त झालेलं विक्रांत काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभं होतं. २०१४ मध्ये ते भंगारात गेलं आणि दारूखान्यात त्याचे तुकडे झाले.

मग विराटची पाळी आली. सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ समुद्रात त्याचं संग्रहालय करायचं, अशी ८५२ कोटींची योजना राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजूर केली. ती कागदावरच राहिली. २०२० मध्ये विराट गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर तोडायला गेलं.

त्याच निवतीच्या वाट्याला आता तिसरं जहाज आलं आहे, गुलदार. पोलंडमध्ये बांधलेलं, सुमारे ८४ मीटर लांबीचं हे जहाज १९८५ च्या डिसेंबरात नौदलात आलं. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणं हे त्याचं काम. १२ जानेवारी २०२४ ला ते निवृत्त झालं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या ताब्यात दिलं गेलं. निवती रॉकजवळ ते समुद्रतळाशी बसवायचं आणि त्याचा कृत्रिम प्रवाळ खडक होऊ द्यायचा, अशी योजना आहे.

हे घडतं कसं? वाळूच्या तळावर शेवाळाला, कालवांना चिकटायला जागा नसते. लोखंडाची पाठ मिळाली की ती धरतात, त्यांच्यामागे लहान मासे येतात आणि लहान माशांमागे गोबरा, तांबोशी. पण आधी जहाज स्वच्छ करावं लागतं. तेल, वायरी, विषारी रंग, सगळं काढावं लागतं. दफनाआधी मय्यतीला गुसल देतात, तसंच हे. ही पायरी चुकवून चालत नाही.

नुसत्या चांगल्या हेतूने काय होतं, ते फ्लोरिडाने पाहिलं आहे. १९७० च्या दशकात तिथे सुमारे २० लाख जुने टायर 'माशांना घर' म्हणून समुद्रात टाकले. बांधलेल्या दोऱ्या, पट्ट्या तुटल्या आणि सुटे टायर खऱ्या प्रवाळावर आदळत राहिले. पिंपरी-चिंचवड ते चाकण रस्त्याकडेला टायरांचे ढीग रोज पाहणाऱ्या आपल्याला हा धडा लवकर समजावा.

आणखी एक गोष्ट. त्या पाण्यावर कोळी, गाबीत आणि दालदी मुसलमान अशा मच्छीमारांची चूल पेटते. पाणबुड्या पर्यटकांसाठी जागा राखताना जाळं कुठे टाकायचं, हे ठरवायला त्यांनाही बोलवायला हवं. नाहीतर खडकावर मासे वाढतील आणि किनाऱ्यावर टोपल्या रिकाम्या राहतील.

उर्दूत 'गुल' म्हणजे फूल. अंगावर फुलांसारखे ठिपके असलेला तो गुलदार, म्हणजे बिबट्या. या गुलदारच्या अंगावर खरोखर फुलं उमलोत. मात्र त्याची राखण करणारे किनाऱ्यावरचेच असोत.