साठीचा दोष कीं मेंदूचा रोग?

'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आपल्या भाषेंत फार जुनी आहे. साठी उलटली कीं बुद्धि पळते, असा तिचा सरळ अर्थ. आपण ती बहुधा थट्टेनें वापरतों; परंतु तिच्या पोटीं एक गंभीर समजूत आहे. वृद्ध माणसानें विसरणें, तेंच तेंच विचारणें, वेळीं-अवेळीं घराबाहेर पडणें हा वयाचा धर्म होय, त्यांत रोग असा कांहीं नाहीं, ही ती समजूत. ती केवळ आपल्याकडील अडाणी माणसांची होती असें मात्र कोणीं मानूं नये. युरोप-अमेरिकेंतील वैद्यशास्त्रानें हीच समजूत जवळजवळ सत्तर वर्षें शास्त्राच्या भाषेंत जपली. ती कशी रूढ झाली, कशी मोडली, आणि तिच्या पायीं घरोघरच्या वृद्धांचें व त्यांची सेवा करणारांचें काय नुकसान झालें, हें आज सांगावयाचें आहे.

ज्याला इंग्रजींत डिमेन्शिया म्हणतात त्यासाठीं मराठींत आतां स्मृतिभ्रंश हा शब्द रुळला आहे. शब्द सुटसुटीत खरा, पण अपुरा आहे. या विकारांत नुसती स्मृतीच जाते असें नाहीं. हिशेब, भाषा, दिशांचें व वेळेचें भान, आणि अखेर जेवणें-नेसणें यांसारख्या अंगवळणीं पडलेल्या क्रियाहि जातात. एस्किरोल नांवाच्या फ्रेंच वैद्यानें १८३८ सालच्या आपल्या ग्रंथांत हा विकार आणि जन्मजात मतिमांद्य यांतील भेद एका दृष्टांतानें समजाविला होता. जन्मतःच मतिमंद असलेला मनुष्य पहिल्यापासूनच निर्धन. हा मात्र एके काळचा धनवान्, आतां सर्वस्व गमावून बसलेला.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. २५ नोव्हेंबर १९०१ रोजीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील वेड्यांच्या इस्पितळांत ऑगस्टे डेटर नांवाची ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा नवरा रेल्वेच्या कचेरींत कारकून होता. तिच्या वागण्यांत जो पहिला ठळक फरक दिसला तो विसराळूपणाचा नव्हता, संशयाचा होता. नवऱ्याचें शेजारणीशीं संधान आहे असें तिच्या मनानें घेतलें. पुढें स्वयंपाक बिघडूं लागला, वस्तु भलत्याच ठिकाणीं दडविल्या जाऊं लागल्या, आणि रात्रीं-बेरात्रीं ती अंथरुणावरच्या चादरी ओढीत घरभर फिरूं लागली.

दुसऱ्या दिवशीं तेथील डॉक्टर आलोइस अल्झायमर तिच्यापाशीं बसले. नांव विचारलें, तें तिनें सांगितलें. नवऱ्याचें नांव विचारलें, तर पुन्हां स्वतःचेंच सांगितलें. ती जेवणांत मांस आणि फुलकोबी खात होती. काय खातां असें विचारतां 'पालक' असें उत्तर आलें. सही करावयास सांगितली, तेव्हां 'श्रीमती' एवढें लिहून पुढचें ती विसरली. डॉक्टरांनीं आपले प्रश्न आणि तिचीं उत्तरें जशींच्या तशीं उतरून घेतलीं. असल्या रोग्यांना बांधून किंवा कोंडून ठेवण्याची रीत त्या काळीं सर्रास होती. फ्रँकफुर्टचे मुख्य डॉक्टर एमिल सिओली आणि अल्झायमर यांनीं ती शक्य तितकी कमी केली होती. त्याऐवजीं रोग्याला कोमट पाण्यांत बराच वेळ बसवून शांत करीत. औषध असें नव्हतेंच. पण रोग्याचें बोलणें मन लावून ऐकण्याची पद्धत होती.

८ एप्रिल १९०६ रोजीं ऑगस्टे वारली. अल्झायमर तोंवर म्युनिकला गेले होते. त्यांनीं तिचा मेंदू मागवून घेतला आणि चांदीच्या क्षारांनीं रंगविलेले त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले. असंख्य पेशी नष्ट झालेल्या, उरलेल्यांपैकीं अनेकींत तंतूंचे गुंते, आणि पेशींच्या मधून मधून एका विचित्र द्रव्याच्या गाठी, असें दृश्य त्यांना दिसलें. ३ नोव्हेंबर १९०६ रोजीं ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेंत त्यांनीं हें सर्व मांडलें. त्यावर सभेंत चर्चाहि झाली नाहीं. १९०७ सालीं त्याचा त्रोटक वृत्तांत छापून आला.

त्याच सालीं प्राग येथें ऑस्कर फिशर या डॉक्टरानें बुद्धिभ्रंश झालेल्या १६ वृद्धांचे मेंदू तपासून त्यांपैकीं १२ मध्यें तशाच गाठी दाखविल्या. पन्नाशींतल्या बाईच्या मेंदूंत जें दिसलें, तें म्हाताऱ्यांच्याहि मेंदूंत होतें. प्रश्न येथेंच सुटावयास हवा होता. परंतु म्युनिकचे प्रमुख एमिल क्रेपेलिन यांनीं १९१० सालीं आपल्या पाठ्यग्रंथांत 'अल्झायमरचा रोग' हें नांव दिलें, आणि तें म्हातारपणाच्या आधींच येणाऱ्या बुद्धिभ्रंशाला चिकटलें. क्रेपेलिन यांनीं इतक्या लौकर नवें नांव कां दिलें, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. म्युनिक आणि प्राग येथील प्रयोगशाळांमधील चुरस हें एक कारण सांगतात. परिणाम मात्र स्पष्ट आहे. पासष्टीच्या आसपास एक रेषा ओढली गेली. रेषेच्या अलीकडे तो रोग. पलीकडे तें म्हातारपण. फिशरचें काम मागें पडलें. पुढें नात्सींच्या गुप्त पोलिसांनीं त्याला पकडलें, आणि १९४२ सालीं टेरेझीनच्या तुरुंगांत त्याचा अंत झाला.

रेषा कागदावरचीच, पण ज्याला रोग म्हणत नाहींत त्याचें संशोधन होत नाहीं, त्यावर पैसा खर्च होत नाहीं, आणि त्याची शुश्रूषा करणाराच्या कष्टांची कोणी नोंद घेत नाहीं. 'वय झालें, चालावयाचेंच', एवढेंच उत्तर घरच्यांच्या पदरीं पडे.

ही रेषा पुसण्याचें मोठें श्रेय इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांना आहे. वृद्ध रोगी हयात असतांना त्यांनीं नातलगांकडून माहिती घेतली. घरांतल्या घरांत वाट सांपडते काय? थोडे पैसे हाताळतां येतात काय? कपडे नीट घालतां येतात काय? रोग्याच्या मृत्यूनंतर मेंदूंतील गाठी मोजल्या. घरच्यांनीं सांगितलेली घसरण जितकी मोठी, तितक्या गाठीहि अधिक, असें त्यांच्या १९६८ सालच्या निबंधानें दाखविलें. सूक्ष्मदर्शकाचा पुरावा आणि घरच्या माणसाची साक्ष एकमेकींशीं जुळली, हें मला त्यांतील विशेष वाटतें. १९७६ सालीं अमेरिकेंतील रॉबर्ट कॅट्झमन यांनीं वयाची ही रेषा निराधार असल्याचें ठासून सांगितलें, आणि हा मोठा प्राणघातक रोग आहे असा इशारा दिला.

त्यानंतर सेवा करणाऱ्यांकडेहि लक्ष गेलें. १९८१ सालीं मेस आणि रॅबिन्स यांनीं त्यांच्यासाठीं लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाचें नांवच 'छत्तीस तासांचा दिवस' अशा अर्थाचें आहे. ज्यांनीं असा दिवस काढला आहे त्यांना त्याचा खुलासा नको. भारतांत १९९२ सालीं केरळांत या कामासाठीं एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत साठीच्या वरच्या वयांत स्मृतिभ्रंशाचें प्रमाण शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख माणसें, असा अंदाज आहे. आणि दुसरी बाजूहि ध्यानांत ठेवावी: शेंकडा नव्वदांहून अधिक वृद्धांना हा विकार नाहीं. म्हणून 'साठी बुद्धि नाठी' हा निसर्गाचा नियम नव्हे.

आतां आपल्या घरांकडे पाहूं. जुन्या एकत्र कुटुंबांत ओसरीवरच्या आजोबांवर कोणाची ना कोणाची नजर असे, आणि वाट चुकले तर गांवचा कोणीहि त्यांना हाताला धरून घरीं आणी, असें आपण अभिमानानें सांगतों. तें पुष्कळ अंशीं खरें आहे. परंतु त्या सेवेचा भार बहुतेक घरच्या सुनांवरच पडे, हेंहि खरें आहे. सासूबाई आपल्या पाटल्या स्वतःच तांदुळाच्या डब्यांत ठेवीत आणि 'सुनेनें चोरल्या' असें शेजारीं-पाजारीं सांगत. ऑगस्टेच्या नवऱ्यावर जो आळ आला तोच हा आळ. रोगाचें नांव ठाऊक नसल्यामुळें सासू दुष्ट ठरली, सून चोर ठरली, आणि मुलगा दोघींच्या मध्यें अवाक् होऊन उभा राहिला. जो सर्वांत जवळ असतो त्याच्यावरच बहुधा संशय येतो, एवढें जरी त्या घराला कोणी सांगितलें असतें, तरी किती अश्रु वांचले असते!

रोगाला नांव मिळाल्याचा पहिला लाभ तो हाच. दुसरा असा कीं, अशा माणसाला वेळेवर डॉक्टरांकडे नेतां येतें. थायरॉइड ग्रंथीची मंदता, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता यांनींहि असेंच विस्मरण होतें, आणि त्यांवर उपाय आहेत. अल्झायमरचा रोग समूळ बरा करणारें औषध मात्र अद्याप नाहीं. म्हणून वागणुकीचें महत्त्व अधिक. टॉम किटवुड या इंग्रज मानसशास्त्रज्ञानें १९९७ सालच्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, रोगी खचतो तो केवळ मेंदूच्या झिजेनें नव्हे. त्याच्या देखत त्याच्याविषयीं परक्यासारखें बोलणें, त्याला फसविणें, लहान मुलासारखें दटावणें यांनींहि तो खचतो. वाद घालून त्याची चूक पटत नाहीं; अपमान मात्र त्याला कळतो. 'पाटल्या मिळून शोधूं या' म्हणणें हें 'तुम्हींच ठेवल्या' म्हणण्यापेक्षां खरें औषध आहे. आणि जी व्यक्ति हें अहोरात्र करते तिला आठवड्यांतून कांहीं तास तरी सुटी देणें हें घरांतील इतरांचें कर्तव्य आहे; तो उपकार नव्हे.

फ्रँकफुर्टच्या इस्पितळांतील ऑगस्टेचे कागद दीर्घकाळ दृष्टीआड होते. १९९५ सालीं ते पुन्हां हातीं आले. मेंदूच्या कापांविषयींचें ज्ञान तोंवर कितीतरी पुढें गेलें होतें. पण त्या कागदांवरील प्रश्न आणि उत्तरें अजूनहि जुनीं झालेलीं नाहींत. कारण बुद्धि हरवत चाललेल्या एका बाईला काय म्हणावयाचें आहे तें ऐकून घेण्याइतका वेळ तेथें कोणीं तरी काढला होता. आपल्या घरांतील वृद्धांसाठीं तेवढा वेळ आपल्यालाहि काढतां येईल.