‘ड्रुइडांची वेदी’

* हे स्थानिक लोकांनी दिलेले नाव. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातील ड्रोम्बेगचे हे शिळावर्तुळ. मुळात १७ शिळा होत्या, आज १३ उरल्या आहेत. नैर्ऋत्येला सपाट माथ्याची एक आडवी शिळा, समोर दोन उंच द्वारशिळा. त्यांच्यामधून पाहिले, तर वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी सूर्य आडव्या शिळेच्या दिशेला मावळतो. येथे नरबळी दिले जात, ही समजूत मात्र वाचकांनी खुशाल सोडून द्यावी. १९५७-५८च्या उत्खननात वर्तुळाच्या मधोमध सापडले ते मुद्दाम फोडलेले मडके आणि त्यात कुण्या कोवळ्या वयाच्या व्यक्तीच्या अस्थी, दहनानंतर जपून पुरलेल्या. वर्तुळ कांस्ययुगाच्या उत्तरार्धातले. ड्रुइड पुरोहितांचे लेखी उल्लेख त्यानंतर कित्येक शतकांनी येतात. — संपादक