विरघळण्यासाठी घडवलेली माती

श्रावणात पेणमधल्या कुठल्याही गणपतीच्या कारखान्यात शिरलं की फळ्यांवर दाटीनं मांडलेल्या मूर्ती दिसतात. अंगाचा रंग झालेला, पितांबराला झळाळी आलेली, दागिने सोनेरी झालेले. फक्त डोळे कोरे. आखणी करणारा कारागीर सगळ्यात शेवटी येतो. डाव्या हातानं मूर्ती थोडी तिरकी धरतो, उजव्या हाताची करंगळी तिच्या गालाशी टेकवतो आणि बारीक कुंचल्यानं आधी भुवई, मग पापणीची कड, मग बुबुळ काढतो. रेघ केसभर सरकली तर नजर बदलते. पेणच्या गणपतीचं नाव झालं ते या आखणीमुळे.

सार्वजनिक उत्सवाला १८९३ पासून बळ मिळालं, पण घरातला गणपती त्याहून कितीतरी जुना. कोकणात लोक घरचा पाट मूर्तिकाराकडे नेऊन देत आणि चतुर्थीला त्याच पाटावर मूर्ती घेऊन येत. गावापुरतं चालणारं हे हंगामी काम पेणमध्ये वर्षभराचा व्यवसाय झालं. शंभर वर्षांहून अधिक काळाच्या या वाटचालीत देवधर घराण्याचं नाव आदरानं घेतलं जातं. पेणचं भाग्य असं की मुंबईची बाजारपेठ जवळ होती आणि ती दरवर्षी वाढत होती.

गंमत म्हणजे ही माती पेणची नाही. मूर्तीची शाडू माती गुजरातेतून, मुख्यतः भावनगरच्या बाजूनं येते. ती भिजवून, तिंबून लोण्यासारखी मऊ केली की साच्यात दाबून बसवतात. पुढची आणि मागची बाजू वेगळी काढून जोडतात, मूर्ती आतून पोकळ ठेवतात. साचा फक्त ढोबळ अंग देतो. सोंडेचा बाक, बोटं, कान, शेल्याच्या चुण्या हातानं साधाव्या लागतात. मग सावलीत वाळवण. ऊन लागलं किंवा एक बाजू आधी वाळली की तडा गेलाच म्हणून समजा.

ही मूर्ती भाजत नाहीत, आणि सगळं मर्म इथेच आहे. चिकणमाती साधारण पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे तापली की तिच्या कणांत रासायनिक बंधानं अडकलेलं पाणी निघून जातं. त्यानंतर ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. नुसती वाळलेली माती मात्र पाण्यात सुटते. भाजलेली माती किती टिकते ते जपानमध्ये दिसतं. तिथल्या क्योतो शहरात सोळाव्या शतकात चोजिरो नावाच्या कारागिरानं सेन नो रिक्यू या चहाविधीच्या आचार्यासाठी रंगानं तांबडे आणि काळे वाडगे घडवले. चाक न वापरता, नुसत्या हातानं आकार देऊन आणि मग पात्यानं तासून. तांबड्या वाडग्याचा रंग लोहयुक्त मातीचा, आपल्या गेरूच्या जातीचा. त्यावर पारदर्शक झिलई चढवून तो हजार अंशांच्या आत भाजतात. चोजिरोपासून निघालेल्या राकू घराण्याची सोळावी पिढी २०१९ पासून हे काम सांभाळते आहे. चारशे वर्षांपूर्वीचे वाडगे तिथे जिवापाड जपले जातात. पेणच्या कारागिराचं काम मात्र दरवर्षी, ठरलेल्या तिथीला पाण्यात जातं. त्याच्या आज्यानं केलेली मूर्ती त्याला हातात घेऊन पाहता येत नाही. घराण्याची रीत उरते ती साच्यांत आणि हाताच्या सवयीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लॅस्टर ऑफ पॅरिस आलं आणि या व्यवसायाचा नकाशाच बदलला. प्लॅस्टर काही मिनिटांत घट्ट होतं, वजनाला हलकं, वाहतुकीत फुटायची भीती कमी. काथ्या घातला की मोठ्या मूर्तीही उभ्या राहतात. पेणच्या कारखान्यांत शिकलेल्या तरुणांनी हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे, दादर या गावांत स्वतःचे कारखाने काढले. खारेपाटातली, म्हणजे खाडीलगतच्या खाऱ्या पट्ट्यातली, शेती म्हणजे पावसाळी भाताचं एक पीक. बाकीच्या महिन्यांत हाताला काम हवंच होतं. मुंबई-गोवा महामार्ग दाराशी होता आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत गेलेली रेल्वेही हमरापूर-पेणवरूनच धावू लागली. रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती इथून राज्यभर जाऊ लागल्या, रंगवलेल्या परदेशी निघाल्या. घरटी रोजगार मिळाला. हे श्रेय प्लॅस्टरला द्यावंच लागेल.

पण प्लॅस्टर म्हणजे भाजून पाणी काढून टाकलेलं जिप्सम. पाणी मिळालं की ते पुन्हा जिप्सम होतं, आणि एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. म्हणून विसर्जनानंतरच्या भरतीबरोबर हात-पाय तुटलेल्या मूर्ती किनाऱ्याला लागतात, आणि ते दृश्य भाविकांच्या जिव्हारी लागतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात या मूर्ती विरघळवण्याची पद्धत दिली. त्यातून खत म्हणून वापरता येणारं अमोनियम सल्फेट मिळतं. तरी लाखो मूर्तींपुढे हा उपाय अपुरा पडतो.

मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लॅस्टरच्या मूर्तींवर बंदी आणणारे नियम काढले. तोवर त्या वर्षीच्या मूर्ती तयार होऊन पडल्या होत्या, वर करोनाची टाळेबंदी. अंमलबजावणी वर्षभर पुढे गेली. ९ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं प्लॅस्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मुभा दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत त्या सोडायला मनाई केली. जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींसाठी कृत्रिम तलाव सक्तीचे झाले. घरगुती गणपती बहुतेक याच मापात बसतात, म्हणजे निर्णयाची झळ थेट पेणच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचली.

शाडूकडे परतायचं तर कारागिराला तीन गोष्टी लागतात: वेळेवर आणि परवडणाऱ्या भावात माती, वाळवणासाठी जागा, आणि गिऱ्हाईक. पेणला पाऊस जोराचा. जून लागला की हवा ओली होते आणि जाड मूर्ती आतून वाळत नाही. शाडूचं घडणकाम म्हणूनच पावसाआधीच्या कोरड्या महिन्यांत उरकावं लागतं. भाद्रपदाच्या तोंडावर शाडूची मूर्ती मागणाऱ्याला फळीवर शिल्लक राहिलेलं तेवढंच मिळणार. मंडळांनी आणि घरांनी मागणी माघातच नोंदवून थोडी आगाऊ रक्कम दिली, तर तेवढ्या पैशांत कारागीर भावनगरची माती पावसाआधी आणून ठेवू शकतो.