झोळीची कुळकथा

पावसाळ्यात डहाणूच्या रानात मुक्कामाला येणारी शहरी मंडळी हल्ली तंबूऐवजी नायलॉनची झोळी आणतात. दोन झाडे, दोन पट्टे, वर तिरकी ताणलेली ताडपत्री. खालून पाणी वाहिले तरी अंथरूण कोरडे. दुकानात तिला हॅमॉक म्हणतात, त्यामुळे ती साहेबाची युक्ती वाटते.

साहेबाची ती कधीच नव्हती. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक सुती जाळीच्या झोळीत निजत. ओल, किडे आणि सरपटणारे जीव यांच्यापासून वर राहायचे तर याहून स्वस्त उपाय नाही. कोलंबसाने ऑक्टोबर १४९२ मध्ये बहामा बेटांवर ही अंथरुणे पाहिली आणि रोजनिशीत नोंदवली. हॅमॉक, कनू आणि हरिकेन हे तिन्ही शब्द तायनोंकडून युरोपात गेले. म्हणजे झोळी, होडी आणि वादळ एकाच घरचे. पुढे १५९७ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने टांगती अंथरुणे अधिकृतपणे स्वीकारली. जहाज डोलले तरी खलाशी पडत नाही, आणि सकाळी अंथरूण गुंडाळले की तोफांना जागा मोकळी. माणशी रुंदी फक्त १४ इंच! दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने तिला मच्छरदाणी आणि छप्पर शिवून पॅसिफिकच्या जंगलात नेले. सहलीची झोळी ही तिचीच धाकटी बहीण.

आपली झोळी मात्र या वंशातली नव्हे. मलबारात आणि गोव्यात बांबूला टांगलेल्या कापडी पालखीला मंचील म्हणत. पोर्तुगीज अधिकारी तिच्यात आडवे होऊन फिरत. डहाणूही १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते. पण रानशेतसारख्या गावातल्या वारली आईला झोळी शिकायला फिरंग्याची गरज नव्हती. जुने लुगडे, दोन दोर आणि घराचा वासा, एवढ्यावर पाळणा होतो. आवणीच्या दिवसांत तोच पाळणा बांधावरच्या झाडाच्या फांदीला जातो. आई चिखलात वाकून रोपे लावते, मूल वर झोके घेते, पावसाची सर आली की वर प्लास्टिकचा कागद. भर पावसात उघड्यावर झोळी टांगण्याचा एवढा सराव कोणत्या सहलवाल्याला आहे?

आता थोडे गणित, कारण खरी गंमत त्यात आहे. झोळीची दोरी आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करते तेव्हा ६० किलोच्या माणसाचा प्रत्येक दोरीवर ६० किलोचाच ताण येतो. हौसेने ती ताठ ओढून कोन १० अंशांवर आणला की तोच ताण १७० किलोच्या पुढे जातो. फांदी मोडते ती यामुळे. म्हणून झोळी सैल बांधावी आणि तिच्यात तिरके झोपावे, म्हणजे पाठ सपाट राहते. दोरीवरून ओघळणारे पाणी अंथरुणात शिरू नये म्हणून ताडपत्रीच्या आत, दोरीला एक सुतळी लोंबती बांधावी. पाणी तिच्यावरून खाली ठिबकते.

हेच गणित आजाऱ्याच्या डोलीत कामाला येते. चादरीची किंवा घोंगडीची दोन टोके बांबूला बांधतात, मध्ये माणूस, दोन्हीकडे खांदे. टोके एकमेकांकडे सरकू पाहतात. तो आतला दाब बांबू सोसतो आणि खांद्यावर फक्त निम्मेनिम्मे वजन येते. गाठ बांबूच्या पेराला अडवून मारली की ती घसरत नाही. ओढ्यांना पूर आणि वाटेचा चिखल झाला की पालघरच्या दुर्गम पाड्यांची रुग्णवाहिका हीच. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरून सातव्या महिन्यातच बाळंत झालेल्या बाईला असेच सुमारे ३ किलोमीटर उचलून आणले. तिची जुळी बाळे वाचली नाहीत.

पाळण्याची झोळी कितीही पिढ्या राहो, तिच्याविषयी तक्रार नाही. डोलीचे कौतुक मात्र कुणी करू नये. पाड्यापर्यंत रस्ता आणि ओढ्यावर साकव, ही कामे पावसाळ्याआधी झाली पाहिजेत. त्यासाठी जिल्हा परिषदेच्या दारात पाडेकऱ्यांबरोबर सहलवाल्यांनीही जाऊन उभे राहावे.